शांततेचं माप

अनंतराव महाजनांच्या मोबाईलवर सकाळी सव्वासातला अभिनंदनाचा संदेश आला आणि अनंतराव सावध होऊन बसले. विनाकारण कोणी अभिनंदन केलं की ते असेच सावध होत. नापतौल खात्यात, लोकांची वजनंमापं तपासत, चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला माणूस! समोरचा हसून बोलायला लागला की त्याचा दुसरा हात तराजूजवळ तर नाही ना, हे ते आधी पाहत.

संदेश अ‍ॅम्प्लिफायरच्या कंपनीचा होता. रिटायर झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून त्यांनी इंदूरच्या शोरूममधून दोन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणली होती. जन्मात केलेली एवढी एकच चैन, आणि तीही डोळे उघडे ठेवून. खोक्यावर वजन अठरा किलो छापलेलं होतं. घरच्या काट्यावर ते शंभर ग्रॅम कमी भरलं, म्हणून त्यांनी कंपनीला रजिस्टर पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही, तेव्हापासून ही कंपनी त्यांच्या मनातून उतरलेली होती.

आता तीच कंपनी कळवत होती की, तुमच्या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर आलं आहे. तुमच्या खोलीतला आवाज मोजून यंत्र स्वतःला खोलीशी जुळवून घेईल. सात दिवस मोफत, पुढे बावीस हजार रुपये.

अनंतरावांनी चहा बाजूला ठेवून इंदूरला फोन लावला.

"कुरियरनं काय येणार?" त्यांनी विचारलं.

"कुरियरनं काही नाही सर," शोरूमचा माणूस म्हणाला. "नेटवरून होऊन जातं. अपने आप."

"एखादा पुर्जा? तार? निदान एखादा खिळा?"

"नाही सर. ते फीचर मशीनमध्ये पहिल्यापासून आहेच. फक्त चालू करून द्यायचं."

"पहिल्यापासून आहे?" अनंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे त्याचे पैसे मी पहिलेच देऊन चुकलो."

"मशीनचे दिले सर. फीचरचे नाही दिले."

अनंतरावांच्या डोळ्यांसमोर नोकरीतलं एक जुनं माप उभं राहिलं. इतवारा बाजारातल्या एका तेलवाल्यानं मापाचा तळ आतून वर उचलून घेतला होता. बाहेरून लिटर, आतून पाऊण. त्याचा पंचनामा त्यांनी स्वतः केला होता. तो तेलवाला निदान मान खाली घालून उभा होता! "तळ खाली करून देतो, त्याचे वेगळे पैसे पडतील," असं म्हणायची त्याची काही छाती झाली नव्हती.

"सर, सात दिवस फ्री आहे ना," इंदूरवाला समजुतीनं म्हणाला. "तुम्ही स्वतः ऐका. फरक नाही वाटला तर नका घेऊ."

हे मात्र अनंतरावांना पटलं. मोजून पाहायला त्यांची कधीच ना नव्हती. त्यांनी त्याच दिवशी मोफतचं बटण दाबलं.

यंत्राचं म्हणणं असं होतं की मोबाईल खुर्चीवर ठेवा, दहा मिनिटं संपूर्ण शांतता राखा, मग मी खोली मोजतो. अनंतरावांनी पंखा बंद केला, फ्रिजची पिन काढली, खिडक्या लावल्या. स्वयंपाकघरात बायकोला, विमलबाईंना, कुकर उतरवायला लावला. मोबाईलवर अक्षरं उमटली: 'आवाज फार आहे. कृपया शांत जागा निवडा.'

"मी तर श्वाससुद्धा धरून बसले होते," विमलबाई म्हणाल्या. "आता काय, देव्हाऱ्यातल्या घंटीलाही बाहेर काढता?"

आवाज देव्हाऱ्यातला नव्हता. पूर्वेच्या भिंतीपलीकडे लीलाधरचा कारखाना होता आणि त्यात चोवीस पावरलूम खटाखट चालत होते. वीस वर्षं हा आवाज अनंतरावांच्या कानाला इतका सरावला होता की तो आवाज आहे हेच ते विसरले होते. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असे खरी. पण लूम बंद असतात म्हणून तारांची दुरुस्तीही शुक्रवारीच निघे आणि दिवसभर वीज नसे. म्हणजे वीज असली की शांतता नाही, आणि शांतता असली की वीज नाही. इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर लावून पाहिला, तर इन्व्हर्टरच शिट्टी मारून बसला.

"लीलाधरला सांगा ना दहा मिनिटं थांबव म्हणून," विमलबाई म्हणाल्या. "तो काय नाही म्हणणार आहे?"

"तेच तर. नाही म्हणणार नाही. मग मी त्याच्या उपकारात." अनंतरावांचा आवाज चढला. "चौतीस वर्षांत कोणाच्या दुकानात कपभर चहा घेतला नाही मी. आता गाण्यापायी घेऊ?"

ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई होती. घर साधं, बँकेत बेताचं, पण बुऱ्हाणपुरात 'महाजनसाहेबांनी फुकटाचं काही घेतलं' असं म्हणणारा माणूस दाखवा! ते नाव त्यांना त्या दोन लाखांच्या यंत्रापेक्षा प्यारं होतं.

तेव्हा त्यांनी स्वतःच मार्ग काढायचं ठरवलं. कुठल्या वेळी आवाज कमी असतो हे शोधायला ते दुसऱ्या दिवशी वही आणि मोबाईल घेऊन गच्चीवर गेले. मोबाईल भिंतीला लावायचा, आकडा पाहायचा, वहीत लिहायचा. 'सव्वादहा, पूर्वेची भिंत, ७८. साडेदहा, तीच भिंत, ८१.'

खाली कारखान्याच्या दारात लूमचा मिस्त्री निंबा बिडी ओढत उभा होता. त्यानं हे पाहिलं, बिडी विझवली आणि तडक मालकाकडे गेला.

"भाऊ, काहीतरी गडबड आहे," तो म्हणाला. "इन्स्पेक्टरसाहेब आपल्या भितीले मोबाईल लावून लिहून राहिले."

"काय लिहून राहिले?"

"आवाज मोजून राहिले, अजून काय! कुठंतरी तक्रार जाते पाहा. रहिवासी भागात कारखाना, अमुक ढमुक."

लीलाधरच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी सरळ विचारायला जायचं, तर शेजारी अधिकारी. आणि अधिकाऱ्याला विचारलं की तो सावध होतो, असं लीलाधरचं जुनं मत होतं. त्यानं संध्याकाळी अर्धा किलो दराबा, गावची नावाजलेली मिठाई, बांधून घेतला आणि हसत हसत अनंतरावांच्या दारात उभा राहिला.

"घ्या भाऊ, ताजा आहे. वहिनींना आवडतो ना?"

अनंतरावांनी डब्याकडे पाहिलं, लीलाधरकडे पाहिलं. वीस वर्षांत या माणसानं होळीचीसुद्धा मिठाई आणली नव्हती.

"कशाबद्दल?" त्यांनी विचारलं.

"कशाबद्दल म्हणजे? असाच!"

'असाच' म्हणून आलेल्या वस्तूचा अनंतरावांना फार मोठा अनुभव होता. त्यांनी डबा काट्यावर ठेवला, झाकण काढून पुठ्ठ्याचं वजन वेगळं केलं आणि सांगितलं, "दराबा चारशे तीस भरतो. सत्तर ग्रॅम पुठ्ठ्याचे पैसे घेतले हलवायानं तुझ्याकडून. परत कर त्याला." असं म्हणून डबा लीलाधरच्याच हातात दिला.

लीलाधर घामाघूम होऊन घरी आला. "दराबा तोलून परत केला रे," त्यानं निंबाला सांगितलं. "प्रकरण मोठं आहे."

दुसऱ्या दिवशीपासून एक चमत्कार सुरू झाला. अनंतराव वही घेऊन खिडकीत दिसले की कारखान्यातून निंबाचा आवाज येई, "बंद करा रे!" आणि चोवीसच्या चोवीस लूम थांबत. अनंतराव वही ठेवून उठले की पुन्हा खटाखट.

पहिल्या खेपेला त्यांनी खिडकीत बसल्या बसल्याच यंत्र लावलं आणि खोली मोजून घेतली. पण मनात पाल चुकचुकलीच. आपल्याला पाहून हे लोक कारखाना का थांबवतात? चोराच्या मनात चांदणं! कापडाच्या ठाणाची लांबी तर कमी भरत नसेल? मीटरमागे चार बोटं मारत असतील, आणि नापतौलवाला खिडकीत बसला म्हणून घाबरत असतील.

"तुम्हाला शांतता मिळाली ना? मग ऐका की गाणं," विमलबाई वैतागून म्हणाल्या.

अनंतरावांनी ऐकलं. एकदा सॉफ्टवेअर चालू ठेवून, एकदा बंद करून. गाणारी बाई चालू केल्यावर जरा जवळ बसल्यासारखी वाटली. त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि लगेच नवा संशय आला.

"विमल, या कंपनीवाल्यांनी आधीचा आवाज मुद्दाम बिघडवला तर नसेल? म्हणजे नवा चांगला वाटावा!"

"तुम्ही ना, उद्या देव भेटला तर त्याचंही वजन कराल," विमलबाई म्हणाल्या.

असे शुक्रवार सोडून चार दिवस गेले. रोज अर्धा तास वही खिडकीत, रोज अर्धा तास शांतता. सातव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी दारावर थाप पडली. बाहेर निंबा आणि त्याच्यामागे बारा विणकर उभे होते. त्यांना आवरायला लीलाधर पाठोपाठ पळत येत होता.

"साहेब, आता बस झालं," निंबा म्हणाला. "तक्रार करायची त करून टाका एकदाची. तुमी रोज वही घेऊन बसता, मालक लूम बंद करायले लावते. आमाले मजुरी मीटरवर भेटते. लूम बंद म्हंजे आमचं पोट बंद. चार दिस रोज अर्ध्या तासाची मजुरी कापली गेली."

"कसली तक्रार?" अनंतराव चक्रावले.

"वहीत काय लिहून राहिले मग तुम्ही?" लीलाधरनं धीर करून विचारलं.

अनंतरावांनी वही पुढे केली. लीलाधरनं ती दिव्याखाली धरून मोठ्यानं वाचली, "बुधवार, पावणेपाच. तंबोरा स्पष्ट. तबल्याची शाई ऐकू आली. सॉफ्टवेअर बंद केल्यावर तंबोरा जरा मागे सरकला, की माझा भास?" त्यानं पान उलटलं. पुढेही तंबोराच होता.

"गाणं ऐकून राहिले होते?" निंबानं डोळे विस्फारले.

विणकर हसायला लागले. लीलाधरला हसावं की रडावं कळेना. अनंतराव मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चौतीस वर्षं कपभर चहा घेतला नाही आणि चार दिवस बारा माणसांच्या ताटातलं घेऊन गाणं ऐकलं! कोणी दिलं हे माहीत नव्हतं, म्हणून काय झालं? घेतलं तर होतंच. त्यांना मनापासून लाज वाटली.

ते आत गेले आणि बावीस हजारांसाठी बाजूला काढलेलं पाकीट घेऊन आले. ज्याची जेवढी बुडाली तेवढी मजुरी त्यांनी प्रत्येकाच्या हातात ठेवली.

"अहो, राहू द्या भाऊ," लीलाधर ओशाळून म्हणाला. "हे पैसे कशाचे? तुम्हाला दिलं काय आम्ही? काहीच नाही. बंद केलं फक्त."

"ते 'काहीच नाही' मी घेतलं ना," अनंतराव म्हणाले.

आतून विमलबाई म्हणाल्या, "हेच तो इंदूरवाला सांगत होता, तेव्हा तुम्ही पंचनामा करायला निघाला होतात!"

अनंतराव पाकिटातल्या उरलेल्या नोटा मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लीलाधर तोडगा घेऊन आला. विणकर चहाला पाळीपाळीनं जात. एकाचे लूम दुसरा सांभाळे, त्यात धागे तुटत आणि माल खराब निघे. त्यापेक्षा पाच वाजता सगळे एकदमच चहाला गेले, तर अर्धा तास लूम बंद.

"यात तुझा काय फायदा?" अनंतरावांनी डोळे बारीक केले.

"खराब माल कमी निघंल. विणकरांचंही भलं, चांगल्या मालावर मजुरी कापली जात नाही."

फायदा उघड कबूल करणारा माणूस अनंतरावांना नेहमीच बरा वाटे. "ठीक. पण फुकट नको. चहा माझ्याकडून."

त्याच दिवशी, सोमवारी, बरोबर पाचला लूम थांबले. फुकटाचे सात दिवस संपून सॉफ्टवेअर आपोआप बंद झालं होतं. आता त्याच्याशिवाय नीट ऐकायचं आणि बावीस हजारांचा निकाल लावायचा, असं ठरवून अनंतराव खुर्चीत बसले. तंबोरा सुरू झाला. तेवढ्यात दार ढकलून निंबा आणि बारा विणकर हातात कप घेऊन आत आले.

"म्हटलं, साहेबांचा चहा, त साहेबांसोबतच पिऊ," निंबा म्हणाला. "अन् दोन लाखाचं यंत्र आमीबी ऐकू."

सगळे सतरंजीवर बसले, अनंतरावांकडून बावीस हजारांची हकीकत ऐकली आणि बोलायला लागले. जन्मभर लूमच्या आवाजावर आवाज चढवून बोललेली माणसं, त्यांचं कुजबुजणंही इतवाऱ्यापर्यंत जाई.

"कुलूप उघडायचे बावीस हजार?" एकजण ओरडला. "हे त लूट आहे साहेब!"

"लूट कशी? लूम घेतला त सूत वेगळं घ्यावंच लागते ना?" दुसरा ओरडला.

"सूत डोयाले दिसते, भाऊ! हे दिसते का?"

"मजुरी तरी कुठं दिसते? हातात पडल्यावरच दिसते!"

आज सहा विणकर कंपनीच्या बाजूनं होते आणि सहा विरुद्ध. निंबा दोन्ही बाजूंनी होता. तंबोरा कुठेच नव्हता. तेवढ्यात इंदूरचा फोन आला, आणि तो ऐकायला अनंतरावांना गच्चीवर जावं लागलं.

"सर, ट्रायल संपली. फरक जाणवला का?" शोरूमच्या माणसानं विचारलं.

"तुमचं ते यंत्र आवाज मोजतं ना?" अनंतराव म्हणाले. "त्यात माणसांचा आवाज बंद करायचं बटण असेल तर सांगा. पहिल्यापासून आत असेल तरी चालेल. पैसे आत्ता देतो."

पलीकडच्यानं कंपनीला विचारून कळवतो म्हटलं. अनंतराव खाली आले तेव्हा विमलबाई मोठं पातेलं चुलीवर चढवत होत्या, कारण लीलाधरच्या पलीकडच्या दुसऱ्या कारखान्यानंही आजपासून चहा पाचलाच ठेवला होता, आणि तोही महाजनांकडेच.