साकवाचं सिमेंट

"जिंकलात ना? मग हरल्यासारखे का बसलात?" पद्मजाने नवऱ्याला विचारले, तसा श्याम पाध्ये उसळलाच.

"जिंकलो! पाच वर्षं तारखा मोजल्या, छपाईचं यंत्र विकून वकील पोसला. कोर्टाने सांगितलं, दावा खोटा, पाध्यांना खर्चाचे चार हजार द्या. दोन वर्षं झाली, त्या भिकाजीने दमडी सोडली नाही!"

श्यामचा गुन्हा एवढाच होता. संगमेश्वराजवळच्या एका वाडीतला ओढ्यावरचा छोटा पूल, म्हणजे साकव, पहिल्याच पावसाळ्यात वाहून गेला आणि शाळेची पोरे कमरेएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडू लागली, तेव्हा त्याने आपल्या साप्ताहिकात विचारले, 'साकवाचं सिमेंट कुठं गेलं?' साकवाचा ठेकेदार भिकाजी याने लगेच अब्रूचे पाच लाख मागितले. त्याला अब्रू आहे, हे वाडीला तेव्हाच कळले. त्या दिवसापासून बाकीच्या संपादकांना साकव दिसेनासा झाला, आणि श्यामचा खरा जळफळाट होता तो याचा. खोटा दावा लावणाऱ्याला जर तो फुकटच पडणार असेल, तर उद्या कोण काय छापणार?

शेवटी त्याने वसुलीची दरखास्त लावली, जप्तीचे वॉरंट काढले आणि कोर्टाचा बेलीफ विठू घाग याच्याबरोबर भिकाजीच्या घरापुढच्या खळ्यात जाऊन उभा राहिला.

"टीव्ही एक," विठूने लिहायला घेतले.

"तो माजा नाय, बायकोचा हाय," भिकाजी म्हणाला.

"मोटारसायकल?"

"मेव्हण्याची."

"झोपाळा?"

"सासऱ्याचा."

"मग तुमचं स्वतःचं आहे काय?" श्याम कडाडला. "नुसती अब्रू? पाच लाखांची?"

विठूने तीस वर्षांत असे पुष्कळ पाहिले होते. "हरकत असेल तर लिहून घेतो. खाली सही करा," एवढेच तो म्हणाला. भिकाजी प्रत्येक हरकतीखाली ऐटीत सही ठोकू लागला.

मागच्या पडवीचे दार विठूने ढकलले. आत आढ्यापर्यंत पोती रचलेली होती. पावसाळी हवेने त्यांचा दगड झाला होता, म्हणून कोणी विकत घेतली नव्हती.

"सिमेंट. साठ पोती."

"आवो, जरा इचार करून बोला," भिकाजीची बायको चिमा दारातून म्हणाली.

"तू गप! लिवा बेलीफसायेब, ती पण माजी नाय. सरकारची हायत. शिक्का बघा ना!"

"कशासाठी आली होती?"

"साकवासाठी!" भिकाजीने सांगितले आणि सही ठोकली.

चिमाने कपाळावर हात मारला, तेव्हा कुठे भिकाजीच्या डोक्यात उजेड पडला. तो धावत आत गेला आणि नोटा घेऊन आला. "हे घ्या चार हजार! आणि तो कागूद फाडा!"

विठूने नोटा मोजल्या, श्यामच्या हातात दिल्या आणि त्याची पोच घेतली. "जप्ती थांबली. कागद कोर्टाचा आहे, तो फाडता येत नाही."

"त्याची नक्कल मिळेल?" श्यामने विचारले.

"अर्ज करा. वीस-पंचवीस रुपये लागतील."

श्यामने भिकाजीच्याच नोटांतली एक वेगळी काढून वरच्या खिशात ठेवली.

महिन्याने साप्ताहिकात मथळा तोच जुना आला, 'साकवाचं सिमेंट कुठं गेलं?' या वेळी खाली उत्तरही होते, आणि त्याखाली भिकाजीची सही.