देवीचं तोंड कुणीकडे

देवाला दाही दिशा सारख्याच असतात. शेत मात्र प्रत्येकाचं एकाच दिशेला असतं. देवळाच्या बांधकामातली ही मूलभूत अडचण पुसदजवळच्या डोंगरावरील वरच्या तांड्याने कायमची सोडवली. तिचा रीतसर वृत्तान्त असा.

उत्तमसिंगला देऊळ हवं होतं ते झोपेसाठी. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं उतरतात आणि माणसाला मचाणावर डबा बडवत रात्र काढावी लागते. साठी उलटल्यावर गुडघे हे काम मनापासून करत नाहीत. देवीचं तोंड आपल्या शेताकडे झालं, तर राखण तिच्यावर सोपवून आपण घरी गोधडीत शिरावं, इतकी साधी त्याची भक्ती होती. उरलेल्या तांड्याची भक्तीही अशीच साधी होती आणि तिथेच पंचाईत झाली.

नकाशा काढायला यवतमाळहून सुरभी मॅडम आल्या. त्या शिकलेल्या असल्यामुळे त्यांनी दार पूर्वेला ठेवलं.

"मॅडम, पूर्वेले काय हाय?" उत्तमसिंगने विचारलं.

"सूर्य उगवतो."

"सूर्याचं काय डुक्कर खाते? तिकडं बाबूसिंगची तूर हाय. देवीची पाठ माह्या हरभऱ्याकडं कायले?"

आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बिनतोड असल्याने पाहणी करण्यात आली. तांड्यात घरं चाळीस, तक्रारी एक्केचाळीस (बाबूसिंगची जमीन दोन ठिकाणी आहे). प्रथम चार दारं ठरली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की दारं चार असली तरी देवीला तोंड एकच आहे. चार तोंडांची मूर्ती तांड्याचे प्रमुख देवसिंग नाईकांनी नाकारली. एका तोंडाची देवी आजवर काही बोललेली नाही, चार तोंडांची काय बोलेल याचा नेम नाही, असं त्यांचं मत पडलं. दरम्यान ज्या भिंतीआड कुणाचं शेत जाई, ती भिंत त्याच्या हरकतीवरून वगळण्यात येत होती. अशा रीतीने भिंती संपल्या. देवळात हवा मात्र फार छान खेळू लागली.

शेवटी नाईकांनी मळणीयंत्राच्या जुन्या बेअरिंगवर देवी बसवली. हाताने ढकललं की फिरते. रोज एका शेताची पाळी. मॅडमनी नकाशा मंजूर केला आणि त्यावरचं आपलं नाव तेवढं खोडलं.

पहिली पाळी उत्तमसिंगची निघाली. तो बाळासारखा झोपला. सकाळी देवी बाबूसिंगच्या तुरीकडे पाहत होती आणि अर्धा हरभरा भुईसपाट झाला होता.

"वारा लय होता," बाबूसिंग म्हणाला. (बेअरिंग खरोखरच उत्तम होतं.)

देवळाच्या समितीने तातडीने ठराव केला, की देवीला कुणी फिरवू नये म्हणून रात्री पहारा असावा. एकट्या पहारेकऱ्यावर कुणाचाच विश्वास नसल्यामुळे प्रत्येक घरातून एक माणूस आला. आता संध्याकाळ झाली की सगळा तांडा बॅटऱ्या घेऊन देवीभोवती एकमेकांकडे पाहत बसतो. चहाची सोय आहे. उत्तमसिंगला मचाणाची आठवण येते. तिथे निदान आडवं होता यायचं. कधीकधी त्याला खरोखरच रडू येतं.

परवा बायकोने, नंदाबाईने, त्याला निघताना अडवलं. "अवो, आपलं वावर कोन पाहून राह्यलं?"

"देवी."

"आन देवीले?"

"आमी सारे."

"मंग डुकराईचं काय?"

"त्याईची काय बिशाद देवळाकडं याची!" उत्तमसिंग अभिमानाने म्हणाला आणि वेळेवर हजर झाला. उरलेला हरभरा त्याच रात्री गेला.

बाहेरगावच्या भाविकांच्या सोयीसाठी समितीने नुकतंच ठरवलं आहे, की वर्षातून एक रात्र देवीचं तोंड त्यांच्या घराकडे करण्यात येईल. आपलं घर पुसदहून कोणत्या दिशेला पडतं, हे तुम्ही एव्हाना मनात ठरवून पाहिलंच असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्या रात्री घराला कुलूप लावून सहकुटुंब इथे यावं लागेल. देवी तुमच्या घराकडेच पाहते आहे ना, हे पाहायला.