आकारामतात्यांचं घरगुती पेप्टाइड

"हप्त्याभरात फ्लेक्सवरच्या फोटोगत दिसतो का न्हाय, बघच तू," असं आकारामतात्यांनी छातीवर हात ठेवून बायकोला सांगितलं, तेव्हा तानाबाई म्हशीखालचं शेण काढत होत्या. त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. मग गोठ्याच्या दारातून चौकातल्या फ्लेक्सकडे बघितलं. आणि पुन्हा शेणाकडे वळल्या.

सगळा घोटाळा त्या फ्लेक्सनंच केला होता. रंकाळ्याच्या पलीकडचं हे गाव आता जवळजवळ कोल्हापुरातच आलंय, पण गावची दूध संस्था अजून गावचीच आहे आणि तिची निवडणूक लागली होती. बाकी सगळ्या जागा बिनविरोध झाल्या, अडली ती एक. तिथं आकारामतात्या आणि जोतीराम समोरासमोर. तात्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जांवर सूचक म्हणून सह्या केल्या होत्या आणि दुसऱ्यांच्या मिरवणुकीत नाचून स्वतःचे गुडघे घालवले होते. एकदा तरी आपल्या नावानं गुलाल उडावा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती अगदी मनापासून होती. रात्रंदिवस त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

तर फ्लेक्स. फ्लेक्सवाल्यानं फोटो मागितला. तात्यांनी एका पाहुण्याच्या लग्नातला, फेटा बांधलेला, पंचविशीतला फोटो दिला. फ्लेक्सवाला कामाचा माणूस. त्यानं तात्यांना आणखी गोरं केलं, गाल भरले, आणि थोडा राजबिंडेपणा आपल्या पदरचा घातला. फ्लेक्स चौकात चढला आणि त्याच दिवशी तात्या त्याच्याखालून प्रचाराला निघाले. सुरकुतलेला चेहरा, पांढऱ्याशुभ्र मिशा, भुवयासुद्धा पांढऱ्या, आणि डोक्यावर उन्हाळ्यातल्या कुरणासारखे विरळ केस.

पहिलं घर धोंडुबाईकाकींचं. गावातलं सगळ्यात जुनं मत, आणि सगळ्यात मोठा आवाज.

"देतो की मत," काकी म्हणाल्या. "पोरगं देखणं हाय तुझं. बाप म्हणून तू फिरालाईस, ते बी चांगलंच हाय."

"काकी, त्यो मीच हाय."

"कोण?"

"फ्लेक्सवरचा."

काकींनी डोळ्यांवर हात धरून चौकाकडे बघितलं, मग तात्यांकडे बघितलं. "थट्टा करू नगंस म्हाताऱ्या माणसाची," असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर "उमेदवाराला एकदा घिऊन या की पावणं," असं सांगून त्यांना चहा पाजला. जन्म ज्या गल्लीत गेला तिथं तात्या पावणं झाले. तिकडे जोतीराम, तात्यांच्याच वर्गातला, केस कोळशासारखे काळे करून मोटरसायकलवरून हात हलवत फिरत होता. तात्यांना कलप चालत नव्हता. एकदा लावला होता, तर तोंड असं सुजलं की पुतण्याच्या लग्नात घरच्यांनी त्यांना फोटोच्या वेळी मागं उभं केलं होतं.

अशा अडचणीत माणूस शिकलेल्या पुतणीकडे जातो. मोना औषधशास्त्र शिकून कोल्हापुरात एका औषधाच्या दुकानात बसायची.

"मोने, तोंडाचं वय कमी करायचं काय हाय का तुझ्याकडं?"

"वय कमी करायचं कायबी नसतंय काका," मोना म्हणाली. "पण त्वचा नीट ऱ्हावी म्हणून लोक हल्ली पेप्टाइड लावत्यात."

"त्ये काय असतंय?"

मोनाला शिकवायची भारी हौस. तिनं स्टूल ओढलं. "आपल्या कातडीत कोलॅजन म्हणून प्रथिन असतंय. घराला वासे असत्यात तसं समजा. वय वाढलं की नवे वासे कमी बनत्यात, जुने खचत्यात, म्हणून सुरकुत्या पडत्यात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे बारके बारके तुकडे. ते कातडीला निरोप देत्यात, की बाई, बसून ऱ्हाऊ नकोस, कामाला लाग."

"म्हणजे मुकादम."

"तसंच. पण मुकादम आला म्हणून एका दिवसात घर उभं ऱ्हातंय का? महिनोन्‌महिने लागत्यात. आणि तेवढ्यानं भागत न्हाय. उन्हात टोपी घालायची, तंबाखू सोडायची, पोटात डाळ-कडधान्य जायला पायजे, झोप पायजे."

"आणि केसांस्नी?"

"त्याला तांब्याचं पेप्टाइड असतंय. निळं दिसतंय. केसांच्या मुळांना आधार देतंय म्हणत्यात, पण त्याचा अजून अभ्यास चाललाय. आणि पांढरा केस काळा करत न्हाय ते. ऐकालाईसा न्हवं?"

तात्या ऐकत होते, पण निवडून. मोनानं दाखवलेली बाटली हातात घेऊन ते अंगठ्याएवढ्या निळ्या पाण्याकडे बघत होते. "मोने, प्रथिन दुधात असतंय?"

"असतंय की. दह्यात तर प्रथिनं फुटून आपोआप पेप्टाइडं तयार होत्यात."

हे वाक्य आपण का बोललो, असं मोनाला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तात्यांनी बाटली परत ठेवली. ज्याच्या गोठ्यात चार म्हशी उभ्या आहेत, त्यानं प्रथिनाचे तुकडे बाटलीतून विकत घ्यायचे? ही तर घराण्याची बेअब्रू. दही घरात होतं. तांबं माळ्यावर होतं, तानाबाईंच्या माहेरचा हंडा. तात्यांनी गुपचूप हंडा गोठ्यात उतरवला, त्यात आंबट दही ओतलं, वरून फडकं बांधलं आणि कडब्याच्या मागं दडवून ठेवलं.

आता, तांब्यात दही कळकतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तात्यांचा तर दुधाचाच धंदा. डेअरीवर कुणी तांब्यापितळेचं भांडं घेऊन आलं की पहिली शिवी तात्या घालायचे. पण ते पोटात घालायच्या दह्याचं झालं. हे शास्त्र होतं. चार-पाच दिवसांनी फडकं सोडलं, तर आतलं दही हिरवट निळं झालेलं. दुसरा कुणी असता तर हंडा उकिरड्यावर पालथा केला असता. तात्यांचा ऊर भरून आला. निळं दिसतंय, असं मोना स्वतः म्हणाली होती!

मतदानाला दोन दिवस उरले होते. दुपारची सामसूम बघून तात्यांनी ते दही डोक्याला चोळलं, भुवयांना चोळलं, मिशांना जरा जास्तच चोळलं आणि उरलेलं गालांवर थापलं. झोप पाहिजे, हेही मोनानं सांगितलं होतं. पुतणीचा शब्द मोडायचा नाही म्हणून ते तसेच बाजेवर आडवे झाले आणि धारांच्या वेळेपर्यंत घोरत राहिले.

तानाबाई धारेची कासंडी घेऊन आल्या आणि दारात थबकल्या.

"अवो," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमास्नी शेवाळ आलंय."

तात्यांनी आरशात बघितलं. मिशा हिरव्या. भुवया हिरव्या. डोक्यावरचे उरलेसुरले केस पावसाळ्यातल्या कौलांसारखे हिरवे. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी होत्या, फक्त आता त्या रेखून काढल्यासारख्या दिसत होत्या. साबण झाला, डाळीचं पीठ झालं, रंग काही हलेना. शेवटी तानाबाईंनी पदर खोचला, चिंच आणि मीठ घेतलं, आणि हंडा घासतात तसं नवऱ्याला घासायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण अशी संधी त्यांना पहिल्यांदाच मिळत होती. हंडा लख्ख झाला असता. तात्या मात्र लाल झाले, सुजले, आणि त्या सुजेतूनही हिरवा रंग डोकावत राहिला.

मोनाला फोन गेला. ती धापा टाकत आली, तोंडात किंवा डोळ्यांत काही गेलं नाही याची आधी खात्री केली आणि मग कपाळाला हात लावला.

"काका, हे पेप्टाइड न्हवं. हे विषारी हाय. पोटात गेलं असतं म्हंजे? काकी, चिंच बंद करा आधी. कातडीचा रंग आठवड्यात जाईल. केसांचा न्हाय जायचा, ते कापायला लागतील."

"मिशा बी?"

"मिशा बी."

"परवा मतदान हाय मोने." तात्यांनी टॉवेल तोंडावर ओढला. "हिरव्या माणसाला कोण मत देतंय?"

त्यांना खरोखर रडू येत होतं. तरणं दिसण्यासाठी नासकं दही फासलं, असं गावाला कळलं असतं तर मतं सोडाच, पुढच्या तीन लग्नसराया लोकांना हसायला ती गोष्ट पुरली असती. त्यांनी तानाबाईंना शपथ घातली, की कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलं तर तब्येत बरी नाही, एवढंच बोलायचं.

तानाबाई तेवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी दारात आलेल्या धोंडुबाईकाकींना त्या म्हणाल्या, "त्यांची तब्येत बरी न्हाय," आणि शपथ आठवून गप्प झाल्या. ते गप्प होणंच वाईट झालं. काकी त्यांना बाजूला सारून आत गेल्या. बाजेवर टॉवेल गुंडाळून पडलेला, सुजलेला, हिरवा आकाराम त्यांनी बघितला, तोंडाला पदर लावला आणि आल्या पावली परत फिरल्या.

बातमी डेअरीवर जाईपर्यंत तात्यांचं लिव्हर गेलं होतं. पानटपरीपाशी दोन्ही किडन्या गेल्या. पिठाच्या गिरणीत काकींनी स्वतः सांगितलं, "मी बघून आलो की. हिरवा पडलाय. डाक्टरनं हात टेकल्यात." दिवेलागणीला घरात शहाळी आणि डाळिंबं यायला लागली. ज्या घरांत तात्या पावणं झाले होते, ती माणसं आता "आमचा आकाराम" म्हणत दारात उभी होती.

तात्या उठून बसायला गेले. तानाबाईंनी त्यांना खांद्यानं खाली दाबलं. "गप पडा. उठून सांगणार काय?"

हे मात्र खरं होतं. तात्या पडून राहिले.

शेवटी जोतीराम आला. काळेभोर केस, हातात मोसंबी. बाजेजवळ बसला, तात्यांचा हात धरला, आणि त्याचे डोळे भरले. "आक्या, शाळेत तुझी पाटी मी फोडल्याली. तवापासनं बोलायचं ऱ्हाऊनच गेलं बघ." नाक पुसून तो म्हणाला, "अर्ज मागं घ्यायची मुदत गेली, न्हायतर आताच घेतला असता. मी सांगतो गल्लीत. मत आकारामलाच द्यायचं."

 हे सोंग आता तात्यांना सोसवेना. तो गेल्यावर मोना म्हणाली, "काका, उद्या खरं सांगून टाका. असं मत घेऊ नका." आणि तात्यांनाही ते पटलं. हरलो तर हरलो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मतदानाच्या सकाळी ते टोपी घालून, हिरव्या मिशांसकट, केंद्राच्या बाहेर उभे राहिले आणि येईल त्याला हात जोडून सांगायला लागले, "मला कायबी झालेलं न्हाय. मी ठणठणीत हाय."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"आईच्यान सांगतो. दही लावलंतं. तांब्याच्या हंड्यातलं. तरणं दिसायला."

"डोक्यात बी गेलंय," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि रांग आणखी गंभीर झाली. तात्या जसजसे तावातावानं सांगत गेले तसतसा सुजलेला चेहरा आणखी लाल झाला, आणि लोक म्हणत गेले, की किती धीराचा माणूस, शेवटपर्यंत दुसऱ्याला त्रास नको म्हणून झटतोय. एका म्हाताऱ्यानं तर त्यांच्या पाया पडून मत दिलं.

संध्याकाळी मोजणी झाली. जोतीरामला त्याच्या घरातलीसुद्धा मतं पडली नव्हती. हलगी वाजली, गुलाल उधळला, तात्यांना दोघा पैलवानांनी खांद्यावर घेतलं, पण अगदी जपून, काचेची बरणी उचलावी तसं. जन्मभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता, आणि मिरवणुकीत नाचायला एकही माणूस तयार नव्हता. हलगीवालासुद्धा हळू वाजवत होता.

घरापाशी मिरवणूक थांबली. धोंडुबाईकाकींनी पुढं होऊन तात्यांच्या गालावरून हात फिरवला.

"काकी, मी धडधाकट हाय," तात्या अजिजीनं म्हणाले. "पाच वर्सं संस्था चालवून दावतो तुमास्नी."

"व्हय रं बाळा, व्हय." काकी मागं सरकल्या आणि तानाबाईंच्या कानाला लागल्या. काकींची कुजबुज नेहमीप्रमाणे वेशीपर्यंत ऐकू गेली. "जोतीराम म्हणालाय, आकारामच्या जागंची पोटनिवडणूक दिवाळीनंतरच लावू, सणासुदीत नको. तुझी काय अडचण न्हाय न्हवं?"

तानाबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर मी मोकळीच हाय."