निळ्या दिव्याची दुपारची रजा

मयूरीच्या पत्राला मी अकरा दिवस उत्तर दिलं नाही. हे आधीच सांगून टाकतो. रहस्यकथेत शेवटपर्यंत काहीतरी लपवावं लागतं आणि मला लपवणं जमत नाही. मी शहाद्यात एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. तिथल्या रहस्यकथांची शेवटची पानं कोणीतरी फाडून नेत असे. त्यामुळे असंख्य गुन्हे वाचूनही मला गुन्हेगार फारसे माहीत नाहीत. ही कथा लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, याचीही मला खात्री नाही.

मयूरी माझी नात. ती रत्नागिरीला माशांचं शास्त्र शिकते. जाताना तिनं तिची समुद्राची टाकी माझ्या हवाली केली. टाकीत खारं पाणी, दोन नारंगी मासे आणि सुरतहून एसटीनं मांडीवर पिशवीत आणलेले प्रवाळ. प्रवाळ म्हणजे दगडावर उमललेली फुलं समजा, फक्त जिवंत. त्यांचं मुख्य जेवण उजेड. तो त्यांना टाकीवर टांगलेल्या निळ्या दिव्यातून रोज आठ तास मिळतो. मिळत असे.

पत्रात लिहिलं होतं: "आजोबा, फोनवर तुम्ही दोनदा 'हो' म्हणता आणि फोन आजीकडे देता. म्हणून पत्र. टाकी झेपतेय का? खरं सांगा. झेपत नसेल तर आमचे सर प्रवाळ प्रयोगशाळेत ठेवून घ्यायला तयार आहेत. दिवाळीला येताना मी खोकी आणीन. एक ओळ लिहिलीत तरी चालेल."

आणि पाकिटात दुसरं पाकीट. तिकीट लावलेलं, पत्ता तिच्याच अक्षरात.

पण दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दिवा मधेच बंद पडू लागला होता. तासभर चालायचा, विझायचा, अर्ध्या तासानं आपला आपणच लागायचा. प्रवाळ मिटून बसले होते, कडेचा एक फिका पडला होता. "झेपतंय" लिहावं तर खोटं. "झेपत नाही" लिहावं तर खोकी येणार. टाकी गेली की त्या पोरीला माझ्याशी बोलायला विषय कोणता उरणार, हे मला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, खरं म्हणजे. कोणताच नाही.

अशा वेळी रतिलालभाई आले.

रतिलालभाई मागच्या गल्लीत राहतात. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या गेटवर त्यांनी तीस वर्षं पहारा केला. निवृत्तीनंतर ते गुप्तहेर झाले. कोणी केलं नाही, ते स्वतःच झाले. खुर्चीत बसताच त्यांनी मला कागद घ्यायला लावला.

"लिहा, गोपालभाई. खानदेशातील अग्रगण्य शोधक रतिलालभाई. नजर ससाण्याची. बुद्धी तलवारीची. चालताना पावलांचा आवाज होत नाही."

मी लिहिलं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याची तारीख अजून मिळालेली नाही, हे लिहिलं नाही. त्यांच्या चपला गल्लीच्या तोंडापासून करकरतात. पण त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांच्यापुरतं ते विधान प्रामाणिक आहे.

मग त्यांनी दिव्याची पाहणी केली आणि नोंदीसाठी टेबलावरच्या एका पुस्तिकेचं शेवटचं पान टर्रकन फाडून घेतलं. त्याची मागची बाजू कोरी होती. पहिली नोंद अशी: "दिवा अत्यंत शांत. कसलाही आवाज करीत नाही. स्वभावानं निरुपद्रवी."

"पहिला निष्कर्ष," ते म्हणाले. "वीज. शेतातल्या मोटरी चालू झाल्या की तुमच्या दिव्याच्या तोंडचा घास जातो."

"पण फ्रिज चालू असतो. पंखाही."

"म्हणजे मोटरींचं वैर फक्त दिव्याशी आहे. लिहा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवा दिनेशच्या दुकानात नेला. तो मोबाइल, टीव्ही, सगळं दुरुस्त करतो. त्यानं दिवा दहा मिनिटं लावून ठेवला. दिवा लख्ख जळत राहिला.

"काका, दिवा एकदम चांगला शे," दिनेश म्हणाला. "वॉरंटीनं सील शे, मी उघडत नही. तुमना घरमाच काहीतरी गडबड शे."

"ऐकलंत?" रतिलालभाई बाहेर येताच म्हणाले. "घरातलाच माणूस आहे."

घरात आम्ही दोघंच. मी आणि रुक्मिणी. तिनं हे ऐकून भाकरी उलटली आणि म्हणाली, "आनि मासा? मासासले सोडी दिधं का?"

ती थट्टा करत होती. रतिलालभाईंनी मात्र दोन दिवस टाकीसमोर खुर्ची टाकली. तिसरा निष्कर्ष माशांवर होता. हेतू: झोप. मोठा मासा काचेजवळ येऊन त्यांच्याकडे टक लावून बघतो, तो निर्ढावलेला आहे, असं त्यांचं मत पडलं.

"पन मासाले हात कोठे शेत?" रुक्मिणीनं विचारलं.

"वहिनी, हात नसलेला गुन्हेगार सर्वांत धोकादायक. ठसे सापडत नाहीत."

दरम्यान नोंदी वाढत होत्या. सकाळी दिवा बराच वेळ टिकतो. दुपारी, ऊन चढलं की, वीस मिनिटांतच जातो. मी त्या आकड्यांकडे बघत बसे. त्यात काहीतरी आहे असं वाटे. पण मला आयुष्यात पुष्कळ गोष्टींत काहीतरी आहे असं वाटलेलं आहे, म्हणून बोललो नाही.

रतिलालभाई बोलले. "चौथा आणि अंतिम निष्कर्ष. गुन्हेगार दुपारी जास्त मोकळा असतो. म्हणजे नोकरी नाही. निवृत्त. घरातला. टाकीच्या जवळ वावरणारा. आणि स्वभावानं घाबरट." त्यांनी ससाण्याची नजर माझ्यावर रोखली. ती थोडी डावीकडे, कपाटावर पडली, पण मला समजलं.

"मी कशाला बंद करीन?" मी म्हणालो.

"हेतू शोधतोय."

खरं सांगायचं तर मला स्वतःचा संशय आधीपासूनच होता. मीठ चुकीचं मोजलं असेल. पाणी ओतताना थेंब उडवले असतील. प्लगला ओला हात लावला असेल. रात्री अंथरुणावर पडून मी माझे गुन्हे मोजत असे, पण एकही सिद्ध होत नव्हता. सकाळी रुक्मिणी विचारायची, "उत्तर लिखं का?" आणि मी म्हणायचो, आज लिहितो.

दिवाळीला सात दिवस राहिले. रुक्मिणीनं घर झाडायला काढलं. दसऱ्याला यंत्रांना घातलेल्या झेंडूच्या माळा ती दिवाळीआधी गोळा करते आणि परसातल्या केळीच्या आळ्यात टाकते. निर्माल्य कचऱ्यात जाऊ द्यायचं नाही, हा तिचा नियम. ती सूप घेऊन खोलीत आली आणि सुपातलं मोजू लागली.

"घरघंटीनी, स्कूटरनी, मोटरनी, शिलाई मशीननी. चार व्हयन्यात. पाचवी माळ कोठे गई?"

"माळा चारच होत्या," मी म्हणालो.

"चार मी करेल व्हत्यात. पाचवी तुम्हीच मांगी लिन्ही. म्हने, मयूरीना दिवाले कसं सोडानं."

मला आठवलं. स्टुलावर चढून मी ती दिव्याच्या पाठीवर आडवी बांधली होती, दोन्ही टोकांना गाठ मारून. हळद-कुंकूही लावलं होतं.

"फुलं सुकीसन पडनात, ती झाडूमा गयात," रुक्मिणी दिव्याकडे बघत म्हणाली. "पन दोरा कोठे शे?"

"पुराव्याला कोणी हात लावू नये," रतिलालभाई म्हणाले.

तिनं प्लग काढला, दिवा खाली उतरवून जेवणाच्या टेबलावर उपडा ठेवला आणि शिलाई मशीनच्या डब्यातला स्क्रूड्रायव्हर आणला. पाठीवरच्या जाळीचे चार स्क्रू निघाले. जाळीखाली हाताच्या पंजाएवढा पंखा होता. त्याच्या मधल्या दांड्याभोवती पांढरा दोरा असा करकचून गुंडाळला होता की रिळाला लाज वाटावी. पात्यांत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या होत्या. रुक्मिणीनं काटे काढायच्या चिमट्यानं दोरा धरला, मी पंखा उलटा फिरवत गेलो आणि वीतवीत करत तो सगळा बाहेर आला. मग तिनं कोरड्या पेंटब्रशनं पाकळ्या झटकल्या.

दिवा लावला. पंखा गुणगुणू लागला. तेव्हा मला कळलं की तेरा दिवस ही गुणगुण घरात नव्हती आणि मी ती ऐकायला विसरलो होतो.

मी रतिलालभाईंच्या नोंदींचं पान उलटं केलं. छापील मजकूर होता: "पंख्याची जाळी मोकळी ठेवावी. दिवा जास्त तापल्यास आपोआप बंद होतो व गार झाल्यावर सुरू होतो." दिव्याबरोबर आलेल्या पुस्तिकेचं ते शेवटचं पान. या वेळी कोणी फाडलं ते तरी ठाऊक होतं.

"आते काय सांगू भो," रतिलालभाई पुटपुटले. मग सावरून ताठ बसले. "लिहा, गोपालभाई. चौथा निष्कर्ष अचूक. गुन्हेगार निवृत्त, घरातला, घाबरट. हेतू: माया. प्रकरण बंद."

मी लिहिलं. ते चुकलेले नव्हते, ही त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट. मी स्वतःवर हजार संशय घेतले, फक्त प्रेमानं केलेल्या त्या एका कामावर घेतला नाही.

त्या दिवशी दुपारी दिव्यानं रजा घेतली नाही. आम्ही तिघं चहा घेऊन टाकीसमोर बसलो. चारच्या सुमारास एक प्रवाळ किंचित उघडला, मग दुसरा. दोन्ही मासे दिव्याखाली येऊन थांबले. "यांना निर्दोष सोडतो," रतिलालभाई म्हणाले.

संध्याकाळी मी लिहिलं: "चि. मयूरी, झेपतंय. पण गेले तेरा दिवस झेपत नव्हतं. दिव्याला दसऱ्याची माळ मी घातली होती, दोरा पंख्यात गेला. आजीनं शोधलं, तो दोरा सोबत पाठवतो. कडेचा एक प्रवाळ अजून फिका आहे, आलीस की बघ. खोकी आणू नकोस. फोन केलास तर आधी आजोबांना दे म्हण."

दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पेटीपर्यंत रतिलालभाई करकरत बरोबर आले. पाकीट फटीत अर्धं घालून मी थांबलो.

"पत्ता बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"तिनंच लिहिलाय."

"तिकीट?"

"तिनंच लावलंय."

त्यांनी फटीबाहेर उरलेल्या पाकिटावर बोट टेकवलं. "म्हणजे तुम्ही लिहिणार नाही, हे तिला आधीच माहीत होतं," ते म्हणाले. हा त्यांचा पाचवा निष्कर्ष. तो एकच मी कुठे लिहून ठेवला नाही.

मी पाकीट सोडलं.

"पडलं का?" त्यांनी कान पुढे केला.

"पडलं," मी म्हणालो. "आवाज आला."