डिंक लावलेल्या चकत्या

पत्र्याचा तो गोल डबा उघडायचा कसा, यावर फुलसिंग नायकाच्या अंगणात सकाळपासून खल चालला होता. डबा ग्रामसेविका हंसाबाईने नागपूरच्या शिबिरातून आणला होता. तिथे प्रत्येक सेविकेला एकेक डबा मिळाला आणि सोबत सूचना मिळाली, की गावोगावी जाऊन बायकांना नवे पौष्टिक पदार्थ शिकवावेत. डबा उघडायचा कशाने, हे मात्र कुणीच शिकवलं नव्हतं.

"सरका तिकडे," बसंतीबाई म्हणाली. ती नायकाची बायको. तिने विळ्याचं टोक डब्यावर टेकवलं, वरून वरवंट्याचा एक दणका घातला आणि पत्रा गोल फिरवून काढला. आत पिवळाधमक घट्ट गोळा होता.

फुलसिंगने वाकून वास घेतला आणि तो तीन पावलं मागे गेला. "बाई, हे काय हाये?"

"चीज. दुधाचंच असते," हंसाबाई म्हणाली. "भाईरदेशातले लोक रोज खातेत."

"आपलं दूध नासलं का आपुन म्हशीले पाजतो. हे लोक डब्यात भरून ठेवते काय?"

"तुमी म्हशीपाशीच बसा जाऊन," बसंतीबाई म्हणाली.

बसंतीबाईला येत नाही असं जगात काही नव्हतं. काही गोष्टी तिने अजून करून पाहिल्या नव्हत्या, एवढंच. आणि ही गोष्ट तिला गुरुवारच्या आत यायलाच हवी होती, कारण गुरुवारी पंचायत समितीचे सभापती बाबाराव तांड्यावर येणार होते.

फुलसिंग नायकाचा बंजारा तांडा महागावपासून दोन कोसांवर, नाल्याच्या पलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की तांडा चार चार दिवस तुटायचा. कापसाच्या गाड्या चिखलात रुतायच्या. नाल्यावर रपटा, म्हणजे दगड-सिमेंटचा बुटका पूल, बांधून द्या, असा अर्ज तांड्याने केला होता आणि बाबाराव दोन वर्षांत तीनदा येऊनही गेले होते. माणूस वाईट नव्हता. पण उभा राहिला की दोन तास बोलायचा. स्वातंत्र्यापासून सुरुवात करून, पंचवार्षिक योजना ओलांडून, रपट्यापर्यंत येईतो दिवस मावळायचा. मग ड्रायव्हर जीपचा भोंगा वाजवायचा, आणि बाबाराव म्हणायचे, "सहीचं पुढच्या टायमाला पाहू." अर्ज तसाच कोरा परत जायचा.

"याले असं काई खाऊ घालाचं, का यानं भाषणाच्या आंधी सही केली पाह्यजे," बसंतीबाईने ठरवलं होतं. "भजे त्याले सारेच खाऊ घालते. आपुन नवं कराचं."

नवा पदार्थ हंसाबाईच्या वहीत लिहिलेला होता. आलूच्या पातळ चकत्या करायच्या, दोन चकत्यांच्या मध्ये चीजचा तुकडा ठेवायचा, कडा पिठाने चिकटवायच्या आणि तळून काढायच्या. वर कुरकुरीत, आत मऊ. ऐकायला सोपं होतं. बसंतीबाईने विळीवर अशा पातळ चकत्या उतरवल्या की हंसाबाई बघतच राहिली. ज्वारीचं पीठ कालवलं, कडा दाबल्या आणि पहिला घाणा कढईत सोडला.

क्षणभर सगळं नीट होतं. मग एक चकती फट्‌ करून उघडली. दुसरी उघडली. आतला पिवळा माल तेलात उतरला, तेल फसफसून वर आलं आणि चुलीत सांडून असा भडका उडाला की फुलसिंग म्हशीपासून धावत आला. कढईत शेवटी उरल्या काळ्या पोकळ चकत्या आणि झाऱ्याला लोंबणाऱ्या लांबच लांब तारा.

"वहीत असं नाई लिवलेलं," हंसाबाई रडवेली झाली.

"वही बरोबर हाये. पीठ कच्चं हाये," बसंतीबाई शांतपणे म्हणाली. तिने बेसन लावून पाहिलं. चकत्या उघडल्या. कणीक लावून पाहिली. चकत्या जरा उशिरा उघडल्या. अर्धा डबा संपला.

"बसंतीबाई, आपुन भजेच करू ना."

"कायले? मले समजलं आता." ती घरात गेली आणि मडक्यातून मूठभर धावड्याचा डिंक घेऊन आली. बाळंतिणीच्या लाडवांसाठी तिने तो स्वतः जंगलातून वेचून आणला होता. तिने तो कोमट पाण्यात भिजवला, खिरीसारखा होईपर्यंत घोटला आणि चकत्यांच्या कडांना बोटाने लावला. कमी पडायला नको म्हणून वरून आणखी एक हात दिला.

चकत्या तेलात पडल्या, फुगल्या, सोनेरी झाल्या. एकही उघडली नाही. बसंतीबाईने एक चकती हातात घेऊन दोन्ही अंगठ्यांनी फाकवून पाहिली. ती हलली नाही.

"पाह्यलं?" ती म्हणाली. "आता बैलानं वढली तरी उघडत नाई."

चव घेऊन पाहावी, असं हंसाबाईच्या मनात आलं होतं. पण उरलेलं चीज जेमतेम पाहुण्यांपुरतं होतं आणि पाहुण्यांच्या आधी खायची बसंतीबाईच्या घरी रीत नव्हती.

गुरुवारी दुपारी तीनला जीप नाल्यापलीकडे थांबली. बाबाराव धोतर वर धरून नाला ओलांडून आले. मागून कारकून देवीलाल आला, डोक्यावर फाइल आणि बगलेत शिक्क्याची पेटी घेऊन. बाबाराव आज विशेष खुशीत होते. नागपूरला जाऊन त्यांनी नवी कवळी करून आणली होती आणि ती दिसावी म्हणून ते येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून हसत होते.

तांड्यातली सगळी माणसं लिंबाखाली जमली. बाजेवर सतरंजी, तिच्यावर बाबाराव. ते घसा खाकरून उठणार, तेवढ्यात बसंतीबाईने गरमागरम चकत्यांचं ताट त्यांच्यापुढे धरलं.

"आंधी हे घ्या साहेब. मंग बोला."

"अरे वा! हे काय नवीन?"

"चीज हाये. भाईरदेशात खाते."

बाबारावांनी एक चकती तोंडात टाकली. कुर्र् असा आवाज झाला. चेहरा उजळला. "वा, नायकीणबाई! अशी चीज तं आमच्या यवतमाळात नाई!" त्यांनी दुसरी आणि तिसरी एकदमच टाकली. देवीलालने दोन घेतल्या. यजमानाने साथ द्यायची म्हणून फुलसिंगनेही नाक दाबून एक घेतली.

बाबाराव उभे राहिले. दोन्ही हात पसरून त्यांनी सभेकडे पाहिलं आणि म्हणाले, "अं."

सभा वाट पाहत होती.

"अं… अंऽऽ," बाबाराव म्हणाले.

वितळलेलं चीज आणि भिजलेला डिंक यांचं तोंडात जे व्हायचं ते झालं होतं. वरची कवळी खालच्या कवळीला अशी बसली होती की सुतारानेही हात जोडावेत. त्यांनी देवीलालकडे पाहिलं. देवीलालचे दात स्वतःचे होते, पण तोही गाल फुगवून, डोळे विस्फारून बसला होता. फुलसिंगने बायकोला काही सांगायचा प्रयत्न केला, पण नाकातून नुसता सूर निघाला.

बाबारावांनी हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेली आणि मान मागे टाकली. पाणी मागायची याहून स्पष्ट खूण नाही. बसंतीबाई मात्र आनंदली.

"आवडलं त्याईले! आनखी पाह्यजे म्हनते," म्हणत तिने आणखी चार चकत्या त्यांच्या हातावर ठेवल्या.

बाबारावांनी जोरजोरात मान हलवली. तिने आणखी दोन ठेवल्या.

एवढी सभा गप्प बसलेली पाहून बसंतीबाईला राहवेना. कुणी बोलतच नाही तर आपण बोलावं. ती पदर सावरून म्हणाली, "साहेब, बोलाले जास्त नाई. नाल्यावर रपटा पाह्यजे. वीस हात लांब. दगड आमी देतो, माणसं आमी देतो. शिमिट तुमी द्या. झालं." तिला अर्धं मिनिट लागलं.

बाबारावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भाषण लागलं. त्यांनी हवेत लिहिल्याची खूण केली. देवीलालने फाइल उघडली आणि हाताला आलेला पहिला कागद पुढे केला. तो रपट्याचा अर्ज होता. बाबारावांनी कोऱ्या समासात घाईघाईने लिहिलं, 'ताबडतोब पाणी द्यावे.' वीस वर्षांच्या सवयीने खाली सही ठोकली. देवीलालने सही पाहिली, आणि त्याचाही हात सवयीने पेटीकडे गेला. त्याने शिक्का मारला आणि तारीख घातली.

तळणीपासून हंसाबाई धावत आली ती नेमकी तेव्हा. तिने कागद वाचला आणि ओरडली, "अवं, पाणी मांगून राह्यले ते! गरम पाणी आना!"

गरम पाण्याच्या सहा तांब्यांनंतर कवळी सुटली. बाबारावांनी ती धोतराच्या सोग्यात घेतली, कुणाकडे न पाहता नाला ओलांडला आणि जीपमध्ये जाऊन बसले. देवीलालने मागोमाग फाइल उचलली. तांड्याच्या इतिहासात पहिल्यांदाच सभापती भाषणाशिवाय गेले.

"अर्ज मेला," तोंड मोकळं झाल्यावर फुलसिंग म्हणाला. "दोन वर्साची मेहनत तुह्या त्या चीजनं चिकटवली."

"काहून? सही झाली ना?"

"सही तांब्याभर पाण्यासाठी झाली!"

"कागदावर झाली ना? मंग झाली," बसंतीबाई म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. पण त्या रात्री ती जेवली नाही, हे फुलसिंगने पाहिलं.

दोन महिन्यांनी देवीलाल स्वतः कागद घेऊन आला. लिंबाखाली बसून त्याने वाचून दाखवलं. मा. सभापतींच्या आदेशानुसार फुलसिंग नायकाच्या तांड्यास पिण्याच्या पाण्याची विहीर ताबडतोब मंजूर करण्यात येत आहे.

"विहीर?" फुलसिंग म्हणाला. "आमी तं रपटा मांगतला."

"तुमी काईही मांगा. शेरा पाण्याचा हाये. वरच्या हापिसानं तेच वाचलं."

"मंग साहेबानं रद्द काहून नाई केला?"

देवीलालने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "शेरा रद्द कराचा असला तं कारण लिवा लागते नायक. काय कारण लिवावं साहेबानं? दिवसभर इचार केला त्याईनं. संध्याकाळी म्हणाले, जाऊ दे, विहीरच देऊन टाक."

गडी माणसं हिरमुसली. बाया मात्र एकमेकींकडे पाहून राहिल्या. नाल्याच्या वाळूत झिरा उकरून, वाटीवाटीने घागर भरून त्यांचा जन्म चालला होता. अर्ज गड्यांनी केला होता. बायांना काय हवं, ते कुणी विचारलंच नव्हतं.

"रपटा गेला ना पण," फुलसिंग कुरकुरला.

"उद्यापासून झिऱ्यावर तुमी जा घागर घेऊन," बसंतीबाई म्हणाली. "मंग सांगा मले, काय गेलं आन काय आलं."

फुलसिंग उठून म्हशीपाशी जाऊन बसला.

विहिरीचं काम घेणारा ठेकेदार दिवाळीनंतर आला. सोबत सिमेंटच्या गोण्या, लोखंड आणि खडक फोडायचं भलंमोठं यंत्र असलेला ट्रक होता. ट्रक नाल्यात उतरला आणि मधोमध चाकं बुडेपर्यंत रुतून बसला. तांड्यातल्या बारा बैलजोड्यांनी तो मागे ओढून काढला. ठेकेदार डोकं धरून काठावर बसला. माल पलीकडे जात नाही तोवर विहीर नाही, आणि विहीर ताबडतोब करायचा हुकूम होता. तो महागावला गेला, कचेरीत भांडला आणि आठव्या दिवशी मंजुरीचा दुसरा कागद घेऊन आला. विहिरीच्या सामानाची ने-आण करण्यासाठी नाल्यावर तात्पुरता रपटा बांधावा.

"तात्पुरता हाये बरं का," नाल्यात दगड पडायला लागले तेव्हा ठेकेदाराने फुलसिंगला बजावलं. "काम झालं का तोडून टाकाचा हाये."

"तोडाचा हुकूम कोन काढन?" बसंतीबाईने विचारलं.

"त्याच्यासाठी येगळा अर्ज करा लागते."

"मंग आमी काई अर्ज करत नाई," बसंतीबाई म्हणाली, आणि घागर कमरेवर घेऊन, नाल्यात पाय न बुडवता, दगडांची पहिली रांग कुठवर आली ते पाहायला निघून गेली.