उघडीच पायजे

माझे ग्यानबा मामा गाडी घ्यायला गेले की इंजिन बघत नाहीत. ते मागच्या सीटवर बसतात, सगळ्या काचा लावून घेतात, डोळे मिटतात आणि वास घेतात.

आखाडा बाळापूरला मामांची शेती आणि बकऱ्या आहेत. कुठलीही वस्तू नाकाने पारखायची त्यांना खोड आहे. बियाणं असो, भाजी असो की जावयाची नवी चप्पल, आधी नाकाशी न्यायची. पसंत पडलं तर म्हणणार, "बराबर." नाही पडलं तर, "वास बराबर न्हाई." पुढे चर्चा बंद.

यंदा पोळा झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "जुन्या जमान्याची गाडी घ्यायची." मामांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. चालवायला मी आहे, हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. कळमनुरीतलं माझं स्टेशनरीचं दुकान दर रविवारी बंद राहू लागलं.

"नवी काहून नको, मामा?"

"नवी म्हंजे डबा. वरून झाकण लावलेला."

पहिली गाडी कळमनुरीतल्याच एका डॉक्टरांची निघाली. गोल टपाची, डिकीवाली, लेकरासारखी जपलेली. मामा आत बसले, काचा लावल्या आणि गप्प झाले. बराच वेळ हालचाल दिसेना तेव्हा डॉक्टर नाडी बघायला पुढे सरसावले. तेवढ्यात आतून हुकूम आला, "भाच्या, हलव!" एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने डॉक्टरांचा माळी, दोघं मिळून ती गाडी गदागदा हलवू लागलो. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मामा उतरले आणि म्हणाले, "वास बराबर न्हाई. आतल्या आत कोंडून राहिला."

दुसरी हिंगोलीत बघितली. लांब पाठीची, मागून दार उघडणारी. मी तर तिच्यावर खूश झालो. म्हटलं, "मामा, मागं बकऱ्या बसतील की!"

"बकऱ्यांना कुठं जायचंय?" मामांनी विचारलं. तिलाही हलवलं, तीही नापास झाली.

शेवटी औंढ्याच्या रस्त्यावर एका गॅरेजात दोन जुन्या जीप शेजारी शेजारी उभ्या दिसल्या. एक बंद, वर पत्र्याचं टप, भक्कम दारं, आत छोटा पंखासुद्धा. दुसरी उघडी, तिचं कापडी छतही काढून ठेवलेलं. गॅरेजवाला बंद जीपचे गुण गाऊ लागला आणि मी माना डोलावू लागलो. मामा मात्र थेट उघडीत जाऊन मागे बसले. लावायला काचा नव्हत्याच. हुकमाची वाट न बघता मी गाडी हलवली.

"हीच," मामा म्हणाले.

"ऊन लागंल, मामा."

"लागू दे."

"धूळ खावी लागंल."

"खाऊ."

"अन् पाऊस आला म्हंजे?"

"छत्री हाय."

बोलणं संपलं असं समजून मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून गॅरेजवाल्याच्या हातावर टाकला. बकऱ्यांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून ठरवतात. गॅरेजवाल्याने शुक्रिया म्हणून त्या टॉवेलाला ग्रीसचे हात पुसले.

तरी मामा हटले नाहीत. आता मात्र मी चिडलो. "मामा, चांगली बंद गाडी सोडून ही कसली जिद्द धरून राहिले तुमी?"

मामा काळ्या झालेल्या टॉवेलाची घडी घालत बसले. मग हळूच म्हणाले, "तुझ्या मामीला गाडी लागती रे."

ते तर सगळ्या घराला ठाऊक होतं. मामी एसटीत बसली की गाव ओलांडायच्या आत उलट्या सुरू. त्यामुळे कुठल्या लग्नाला, बारशाला तिला कुणी 'चल' म्हणेनासं झालं होतं. तिची थोरली बहीण हट्ट्याला, माहेरच्या गावीच असते. ती आता खाटेवरून उठत नाही. मामी तिला फोनवर बघते आणि फोन ठेवला की सगळ्यांकडे पाठ करून चुलीपुढे बसते.

"लग्नात असल्याच उघड्या जीपमधी बसून आली होती," मामा म्हणाले. "हट्ट्यापासून बाळापूरपर्यंत बोलतच आली. तेवढ्या एकाच बारीला गाडी न्हाई लागली. म्हून उघडीच पायजे."

गॅरेजवाल्याला मीच टॉवेलाचा अर्थ समजावून सांगितला.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच जीपने हट्ट्याला निघालो. मामी आणि मामा मागे, मी पुढे. मामीच्या मुठीत लिंबू होतं, चेहरा आधीच उतरलेला. वसमत येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मामा रस्ता न बघता तिच्याचकडे बघत होते. वसमत मागे पडलं आणि वाऱ्याने तिचा पदर उडाला. तो सावरताना ती म्हणाली, "आवं, ती चिंच अजून हाय बघा!" मग ती विहीर, तो मळा, लहानपणी तिथे कोण पडलं, कुणी कुणाला मारलं, सगळं सुरू झालं. मी गाडी मुद्दाम सावकाश घेतली.

हट्ट्याच्या वेशीत मामीने मूठ उघडली आणि लिंबू मामांच्या हातावर ठेवलं. "धरा. न्हाई लागलं."

मामांनी सवयीने ते नाकाशी नेलं. डोळे मिटले आणि वास घेतला.

"बराबर," म्हणाले.