ब्राउझरची वाटणी

रंजिताने संगणक सुरू केला आणि ती जागीच थिजली. कालपर्यंत नव्या ब्राउझरमध्ये तिचा नोकरीचा अर्धा भरलेला अर्ज होता. आज तिथे कापसाचे भाव, भजनं आणि गुडघेदुखीवरचे सात उपाय होते.

"अय माय वं!" ती इतक्या जोरात ओरडली की मांडीवरच्या दोन वर्षांच्या चिमीने तोंडातलं बिस्किट कीबोर्डवर टाकलं.

सासूबाई, कौसाबाई, पिठाच्या हातांनीच धावत आल्या. "काय व्हयनं वं? पोर पडनी का?"

"पोर आठेच शे. मन्हा अर्ज गया!"

अर्ज तळोद्याच्या एका संस्थेच्या ग्रंथालयातल्या जागेसाठी होता. चिमी झोपली की हाताला लागणाऱ्या वीस-वीस मिनिटांत रंजिताने ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास पुरा केला होता. दोन वर्षांत निघालेली ही पहिली जागा. मुदत आज पाच वाजेपर्यंत, आणि घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

घरात संगणक एक, पण ब्राउझर दोन होते. खरं तर ब्राउझर एकच, त्याची एक जुनी आवृत्ती आणि एक नवी. जुनी सासऱ्यांची, गिरधरआप्पांची. अकरा वर्षांत त्यांनी तिला कोणाला हात लावू दिला नव्हता. त्यांना बटणं जिथल्या तिथे लागत. पण संस्थेची साईट जुनीत उघडेचना. म्हणून रंजिताच्या नवऱ्याने, कुंदनने, जुनी न काढता शेजारी नवी बसवून दिली. दोघींचे फोल्डर वेगळे, एकीला दुसरीचा पत्ता नाही. "आता भांडणच नको," असं म्हणून तो निवांत कामावर गेला होता.

रंजिता ओट्यावर आली. आप्पा पेपर वाचत होते. "आप्पा, तुम्ही नवीमा काही करं का?"

"मी काहीच बिघाडं नही," आप्पा शांतपणे म्हणाले. "फक्त वाटणी मोडी टाकी."

"कसानी वाटणी?"

आप्पांनी पेपरची घडी घातली. त्यांच्या प्रकाशा गावात कोणाकडे भावाभावांत वाटे पडायची वेळ आली की आप्पांना बोलावणं यायचं, आणि दोन्ही सुनांना एका चुलीपुढे बसवल्याशिवाय ते उठत नसत. "एकाच घरमा दोन बिऱ्हाडं! नाव तेच, रंग तोच, आनि एकमेकीले वळखतस नहीत. बरं दिखस नही ते. मी जुनीनं सगळं सामान उचलीसनी नवीमा टाकी दिनं. ती इचारे, आठेनं पहिलं पुसी टाकू का? मी हो म्हनं. एकवीस डाव इचारं तिनी. मी एकवीस डाव हो म्हनं."

रंजिताने कपाळावर हात मारला. "मंग जुनीमा काय ऱ्हायनं?"

सगळे आत गेले. जुनी उघडली तर सारवलेल्या अंगणासारखी कोरी. आता थिजायची पाळी आप्पांची होती. "मन्ही भजनं कठे गयात?"

"सगळी नवीमा शेतस."

"पन नवीमा माले बटनं सापडतस नहीत ना!"

"या मानूसनी दोन्ही घरं मोडी टाकात," कौसाबाई म्हणाल्या आणि भाकरी करपायच्या आत चुलीकडे पळाल्या.

साडेचार वाजले. रंजिताने अर्ज पुन्हा पहिल्यापासून उघडला. चिमी एका हाताला लोंबकळत होती. नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर पडायच्या आतच तो आणि खालचे सगळे रकाने भराभर आपोआप भरत गेले. रंजिताला हायसं वाटलं. माझाच अर्ज परत आला! वाचायला वेळ कुठे होता? तिने घाईघाईने आपला फोटो आणि प्रमाणपत्र जोडलं, चिमीची बोटं बाजूला केली आणि पाचला चार मिनिटं कमी असताना बटण दाबलं.

मग पावती आली. उमेदवार: गिरधर. वय: सदुसष्ट. अनुभव: अडतीस वर्षं.

निवृत्तांच्या संघटनेचा अर्ज भरताना आप्पांनी हेच सगळं लिहिलं होतं. त्यांच्या सामानाबरोबर तेही नवीत राहायला आलं होतं.

पाच वाजले. साईट बंद झाली. रंजिताने कीबोर्डमधला बिस्किटाचा चुरा झटकला आणि संगणक बंद केला. त्या रात्री आप्पांनी भाकरी अर्धी टाकून दिली.

आठव्या दिवशी आप्पांचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पांढरा पडला. "रंजू बेटा... माले मुलाखतले बलावतस!"

कौसाबाई मटकन खाली बसल्या. "आते या वयमा नोकरी?"

ठरलं असं, की दोघांनी जाऊन चूक सांगायची. चिमीला घेऊन दोघं जीपने तळोद्याला गेली. शिपाई यादी घेऊन बाहेर आला, यादीवरचा फोटो पाहून अडखळला आणि ओरडला, "गिरधर... ताई?"

दोघंही उठून उभी राहिली.

संस्थेचे प्रमुख प्रेमचंद सर आधी रंजिताकडे, मग फोटोकडे बघत राहिले. "वय सदुसष्ट, आणि फोटो हा! नोकरी देऊ न देऊ, पण या बाईंना एकदा बघायचंच, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं."

रंजिताने सगळं सांगितलं, एकवीस होकारांसकट. सर हसून हसून डोळे पुसायला लागले. मग त्यांनी प्रमाणपत्र पुढे ओढलं. त्यावर नाव रंजिताचंच होतं, आणि गुण चांगले होते. अर्ध्या तासाच्या प्रश्नांना ती कुठेच अडली नाही.

"ठीक आहे. अर्ज दुरुस्त करून घेऊ," सर म्हणाले. "पण वेळ दहा ते पाच. मूल लहान आहे. घरी कोण बघणार?"

 सासूबाई चार वाजेपर्यंत शेतात, कुंदन कामावर. या गोष्टीवर घरात एकदाही बोलणं झालं नव्हतं. बोलायची रंजिताची हिंमतच झाली नव्हती.

"मी सांभाळसू ना." दारातून आवाज आला. आप्पा चिमीला कडेवर घेऊन उभे होते. चिमीने त्यांचा चष्मा चघळायला घेतला होता. "माले अडतीस वरीसना अनुभव शे."

अनुभव कशाचा, ते कोणी विचारलं नाही.

अशा रीतीने त्या दिवशी तळोद्यात दोघांचीही निवड झाली. एक तारखेला सकाळी दहाला रंजिता ग्रंथालयात रुजू झाली आणि दहालाच आप्पा चिमीपुढे. सव्वादहाला रंजिताचा फोन वाजला. मागे काहीतरी फुटल्याचा आवाज आणि चिमीचं खिदळणं.

"बेटा," आप्पा धापा टाकत म्हणाले, "माले आज अर्धा दिन रजा पाहिजे."

रंजिताने समोरच्या पुस्तकावर पहिला शिक्का मारला.

"पहिलाच दिन शे, आप्पा. रजा नही."